ओट्याची उंची

आउतीनं पहिल्याच भेटीत विचारलं,
"तुम्ही राहता कसे?"
मी म्हटलं, राहतो म्हणजे, राहतो.
एकतीस वर्षं कायानीत,
कागद गिरणीच्या क्वार्टरात, चौथा मजला,
ओटा कुणा उंच बाईच्या मापाचा.
भांडी घासली ती टाचा उचलून.
दुखणं पोटऱ्यांत कधी मुरलं, कळलंही नाही.

तिनं दोघांना एकेक वही दिली.
आठवडाभर लिहा, म्हणाली.
चष्मा कुठे ठेवता, कुठे उभं राहता,
कुठल्या कोपऱ्यात उगाचच रेंगाळता.
मी चार पानं भरली. बहुतेक ओटाच.
व्होइत्तोनं आपली वही
मला न दाखवता परत केली.
मी मागितली नाही.
त्याचं अक्षर तसंही लागत नाही.

मे उजाडला तेव्हा कुठे जमीन सैलावली.
खोदणारा म्हणाला, इथे गारठा
दोन मीटर खाली उतरतो,
जोतं त्याच्याही खाली हवं,
नाहीतर घर दर वसंतात खांदे उडवील.

जोतं झालं. रोज संध्याकाळी
आम्ही थर्मास घेऊन तिथे.
व्होइत्तो पावलांनी खोल्या मोजायचा.
भिंती नव्हत्या,
तरी मी स्वयंपाकघरात
दारातूनच शिरत होते.

सुतार कौको बोलत नाही.
ओळंबा सोडला की
दोरा स्थिरावेपर्यंत श्वास धरतो,
डास मानेवर बसले तरी.
एक दिवस त्यानं मला खुणेनं बोलावलं,
बूट काढायला लावले,
कोपरापासून जमिनीपर्यंत टेप धरला
आणि खांबावर पेन्सिलीनं लिहिलं: एकोणऐंशी.
इतक्या काळजीनं माझं माप
शेवटचं घेतलं होतं आईनं,
शाळेच्या पहिल्या कोटासाठी.

ऑगस्टच्या शेवटी आढं चढलं.
रिवाजाप्रमाणे कामगारांना जेवण:
वाटाण्याचं दाट सूप, राईची भाकरी, कॉफी,
आणि माझा ब्लूबेरीचा केक, जरा करपलेला.
सगळे आढ्याकडे बघत होते.
मी बघत होते मधल्या बोळाकडे.

उत्तरेच्या भिंतीत एक अरुंद खिडकी,
सबंधच्या सबंध माझ्या डोक्यावरून.
नकाशात होती. पाहिली होती मी
आणि पाहिली नव्हती.
टाचा उचलल्या तरी
मला तिच्यातून ढगच दिसायचे.
कौकोनं टेप लावून दाखवला. मापात होती.

आउतीला फोन केला. ती जरा थांबली.
"त्याच्या वहीत होतं," म्हणाली,
"रात्री तीनला उठतो तो.
जिन्यातल्या खिडकीपाशी उभा राहतो.
रोज. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

रोज.
मी पाठ टेकली की मेल्यासारखी झोपणारी बाई.
कधीपासून?
गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यापासून?
की त्याआधीपासून,
माझ्याही आधीपासून?
आणि काय पाहत असेल,
खाली सायकली, एक दिवा, बर्फ?

त्याला विचारलं नाही.
वही त्यानं मला दिली नव्हती.
पण लिहिलं ते उद्या भिंतीत उमटणार,
एवढं तर ठाऊक असेलच की त्याला.

कौकोला म्हटलं, उरल्या फळ्यांतून
एक पायरी कर. सुटी. तीस सेंटिमीटर.
त्यानं खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि बोलला:
"दोघांपुरती रुंद करू?"
म्हटलं, त्याला पायरी लागत नाही.

आता नोव्हेंबर. छपरावर पत्रा आलाय,
काचांच्या जागी प्लास्टिक फडफडतं,
वीजवाला पुढच्या आठवड्यात येतो म्हणतो,
गेल्या आठवड्यातही म्हणाला होता.
पायरी शेडमध्ये आहे, पोत्याखाली.
व्होइत्तो तिकडे फारसा जात नाही,
किंवा जातो, आणि बोलत नाही.

नळाला पाणी नाही अजून.
तरी मी ओट्याशी जाऊन उभी राहते,
हात ठेवून बघते. कोपर नीट बसतं.
फक्त टाचा,
अजून आपोआप उचलल्या जातात.